कल्चरचे पाकीट म्हणजे खत नव्हे

भाते पिवळी पडू लागली आहेत. कापणी उरकली की जमिनीत ओल आहे तोवर मसूर, वाटाणा, हरभरा टाकण्याची एकच घाई उडेल, आणि त्या घाईत रायझोबियम कल्चरचे पाकीट नेहमीप्रमाणे सर्वांत शेवटी आठवेल. म्हणून ह्या महिन्याच्या पानावर त्याविषयीच लिहावे असे आम्ही ठरविले.

मिस्सा झाल्यावर चर्चच्या आवारात शेतीच्या गोष्टी निघतात, त्यात ह्या पाकिटाविषयी दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, "सगळे थोतांड आहे. काळी पूड, वर छापील कागद. आमच्या बापजाद्यांनी कधी पाकीट आणले होते काय? मसूर पिकतच होता." दुसरा पक्ष म्हणतो, "कृषी खाते सांगते ना, मग टाकावे. चार पैशांची वस्तू, फायदा नाही झाला तरी तोटा नाही." आमचे मत असे की दोन्ही पक्ष एकच चूक करीत आहेत. दोघेही पाकिटाला खत समजतात. एकाला ते निकामी खत वाटते, दुसऱ्याला स्वस्त खत. वस्तुतः पाकिटात खत नसतेच. त्यात जिवंत जिवाणू असतात, आणि त्या जिवाणूंना झाडाच्या मुळाने ओळखून आत घ्यावे लागते. ओळख पटली नाही तर पाकीट कितीही चांगल्या संस्थेचे असो, ते मातीतच राहिले म्हणून समजा.

हा मार आम्ही स्वतः खाल्ला आहे, म्हणून इतक्या ठामपणे लिहितो. काही वर्षांपूर्वी आम्ही मसुरासाठी पाकिटे आणली. दुकानात ती दारावरच्या खिळ्याला, भर उन्हात टांगलेली होती. आम्ही ती घेतली, बुरशीच्या औषधाच्या डब्याबरोबर एकाच पिशवीत कोंबली, आणि घरी येऊन एकाच घमेल्यात औषध, कल्चर व बी असे सर्व कालवून टाकले. वेळ वाचला म्हणून वर शाबासकीही घेतली. पुढे सव्वा महिन्याने झाडे उपटून पाहिली तर मुळांवर गाठी जवळजवळ नाहीत; ज्या होत्या त्या मोहरीएवढ्या, आतून पांढऱ्या. शेजारच्या वाफ्यात पाकीट न लावलेला मसूर अगदी तसाच दिसत होता. त्या वर्षी आम्हीही पहिल्या पक्षात सामील झालो होतो. दोष कोणाचा हे समजायला पुढे बरेच वाचावे आणि विचारावे लागले.

मुळात हे प्रकरण काय आहे ते थोडक्यात पाहू. आपल्या भोवतालच्या हवेत शेकडा ७८ भाग नत्र आहे, पण झाडाला तो जसाच्या तसा घेता येत नाही. १८८६ साली जर्मनीतील हेलरीगेल ह्या शास्त्रज्ञाने जाहीर केले की वाटाण्यासारखी द्विदल पिके मुळांवरील गाठींच्या मदतीने हवेतील नत्र मिळवितात. दोन वर्षांनी हॉलंडच्या बायरिंक ह्यांनी त्या गाठीतील जिवाणू वेगळा करून वाढविला. १८९६ साली जर्मनीत ह्या जिवाणूंची बाटली बाजारात विक्रीलाही आली. म्हणजे पाकीट हे काही कालपरवाचे खूळ नव्हे. त्याच्याही आधी युरोप-अमेरिकेतील शेतकरी जुन्या द्विदल शेतातील माती गाड्यांनी आणून नव्या शेतात पसरीत असत. त्या मातीबरोबर जिवाणू येत. आपल्या बापजाद्यांना पाकीट लागले नाही त्याचे कारणही हेच. पिढ्यान्‌पिढ्या त्याच जमिनीत तेच कडधान्य घेतल्याने त्याचा जिवाणू तिथे वस्तीला होता.

आता खरा प्रश्न असा. चमचाभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. त्यांतील काही मूळ कुजविणारे, काही मर आणणारे, बहुतेक आपल्या वाटेने जाणारे. झाडाने ह्यांतील एकालाच घरात का घ्यावे? आणि घ्यायचे तर त्याला ओळखावे कसे? मुळाला डोळे नाहीत. त्याला फक्त स्पर्श आणि चव आहे म्हणा. जिवाणूच्या अंगावर जे असेल तेच त्याला कळणार. आणि जिवाणूच्या अंगावर असतो एक साखरेचा झगा.

साखर म्हटल्यावर कोणी डब्यातील साखर डोळ्यांपुढे आणू नये. ऊस लावणाऱ्या वाचकांना हे सांगणे सोपे जाईल. तोडलेला ऊस दोन-तीन दिवस फडातच पडला आणि मग गाळला तर रस बुळबुळीत होतो, त्याला तार सुटते, आणि कारखान्यात तो रस गाळताना व साखर धरताना त्रास होतो. ही तार एका जिवाणूची करणी. तो उसातली साखर खातो आणि तिचे सुटे कण एकापुढे एक जोडून लांब साखळ्या बनवितो. अशा साखळ्यांना शास्त्रज्ञ पॉलिसॅकराइड म्हणतात, मराठीत बहुशर्करा म्हणू. गोडी नाही, पण चिकटपणा भरपूर. मुळाशी राहणारे जिवाणू अशाच साखळ्या स्वतःच्या अंगाभोवती गुंडाळून राहतात. त्यामुळे माती वाळली तरी ते लगेच सुकत नाहीत, मुळाला चिकटून राहता येते, आणि मातीचे बारीक कणही त्या चिकट द्रवाने एकत्र धरले जातात. भुईमूग उपटला की मुळाभोवती मातीचे जे आवरण चिकटून येते, त्याला मुळाच्या स्रावाबरोबर हा चिकही कारण आहे.

पण ह्या झग्याचा आणखी एक उपयोग आहे. प्रत्येक जातीच्या जिवाणूची साखळी वेगळी असते. कोणती साखर, किती कण, कोणता जोड, हे सारे ठरलेले. लसूणघासाच्या मुळातील जिवाणूचे उदाहरण घेऊ. त्याच्या साखळीत आठ कणांचा एक गट असतो, सात एका साखरेचे आणि आठवा दुसरीचा, आणि हाच गट पुन्हा पुन्हा येत राहतो. हा जपमाळेचा महिना आहे, तेव्हा आमच्या वाचकांना अधिक सांगायला नको. अंधारात माळ हातात घेतली तरी दहा मणी संपून मोठा मणी आला हे बोटांना आपोआप कळते. मुळालाही तसेच काहीसे कळत असावे.

हे नुसते कल्पनेचे नाही. १९८५ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथील संशोधकांनी लसूणघासाच्या जिवाणूचे असे वाण निवडले की ज्यांना ही साखळी विणताच येत नव्हती. ते मुळाशी सोडले. गाठी आल्या, पण त्या रिकाम्या. बाहेरून गाठ, आत जिवाणू नाही, नत्रही नाही. झाडाने घर बांधले खरे, पण पाहुण्याला उंबऱ्यावरच थोपविले. आमच्या त्या मोहरीएवढ्या पांढऱ्या गाठी आठवून आम्हाला हे वाचताना चुटपुट लागली. अर्थात आमच्या घमेल्यात जिवाणू मेलेच होते, त्यांचा झगा शिंप्याने बिघडविलेला नव्हता. दोन्हींत फरक आहे, तो विसरू नये.

ह्या शोधाची कथा सरळ नाही, आणि शास्त्रज्ञही चुकत-माकत पुढे जातात हे वाचकांना कळावे म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. १९७४ च्या सुमारास असे आढळले की सोयाबीनच्या बियांतील एक प्रथिन सोयाबीनच्या बहुतेक जिवाणूंना चिकटते, इतर पिकांच्या जिवाणूंना चिकटत नाही. लगेच सर्वांना वाटले, कुलूपकिल्ली सापडली. झाडाचे प्रथिन हे कुलूप, जिवाणूची साखर ही किल्ली. पण सर्वच जिवाणूंच्या बाबतीत हा हिशेब जुळेना. मग १९९० मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथील संशोधकांना कळले की पहिला निरोप वेगळाच आहे. मूळ काही द्रव्ये पाझरते, त्यावर जिवाणू एक लहानसा खास रेणू सोडून उत्तर देतो, आणि त्या उत्तराने मुळावरचा बारीक केस वाकतो व गाठीची तयारी सुरू होते. काही काळ असे वाटले की झाले, साखरेच्या झग्याचे महत्त्व संपले. ते संपले नव्हते. २०१५ मध्ये डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातील मंडळींनी लोटस नावाच्या एका रानटी द्विदल झाडात (नाव लोटस असले तरी हे कमळ नव्हे) असा एक दरवान शोधला की जो जिवाणूच्या साखळीलाच हात लावून पाहतो. आणि हा दरवान पहिला निरोप पटल्यावरच मोठ्या संख्येने दारावर येतो. प्रथम निरोप, मग झग्याची तपासणी, अशी दोन दारे झाली.

त्यातही एक गंमत आहे. ज्या जिवाणूंची साखळी अर्धवट होती त्यांना झाडाने अडविले. साखळी मुळीच नसलेले मात्र आत जाऊन कामाच्या गाठी करू शकले. म्हणजे त्या झाडाला पत्र नसलेला पाहुणा एक वेळ चालतो, खोटे पत्र घेऊन आलेला चालत नाही. लसूणघासात मात्र पत्राशिवाय प्रवेशच नाही. पिकापिकांत अशी तऱ्हा आहे. आपल्या भुईमुगाचे तर तिसरेच. तिथे जिवाणू केसातून शिरत नाही, बाजूची मुळे फुटताना जी बारीक चीर पडते तीतून शिरतो. म्हणून एका पिकावरून दुसऱ्याविषयी छातीठोक बोलू नये, आणि कोणी दुकानदार "हे सर्व पिकांना चालते" म्हणून रायझोबियम देऊ लागला तर त्याला नम्रपणे नाही म्हणावे.

हाच आमच्या लेखाचा पहिला व्यवहारी मुद्दा. पाकीट घेताना पिकाचे नाव पाहा. मसूर व वाटाणा ह्यांचा जिवाणू एकाच गटाचा, तेव्हा ह्याचे पाकीट त्याला चालेल. हरभऱ्याचा वेगळा. सोयाबीनचा आणखी वेगळा. चवळी, मूग, उडीद, तूर, भुईमूग ही मंडळी बरीचशी एकमेकांत मिसळणारी. आपल्या भागात अडचण अशी की पाकिटे धारवाडच्या कृषी विद्यापीठाकडून येतात तशी कोल्हापूर-पुण्याकडूनही येतात. कोणावर कन्नड, कोणावर मराठी, कोणावर नुसते इंग्रजी. सीमेचा वाद ज्याचा त्याने जेथे घालायचा तेथे घालावा, पण बियाणे वाया जाऊ देऊ नये. घरात जो मुलगा किंवा मुलगी कन्नड शाळेत जाते तिच्याकडून पिकाचे नाव आणि मुदतीची तारीख वाचवून घ्या. मुदत संपलेले पाकीट अर्ध्या किमतीत मिळाले तरी महागच.

दुसरा मुद्दा जिवंतपणाचा. सरकारी नियमाप्रमाणे पुडीच्या रायझोबियममध्ये दर ग्रॅमला निदान ५ कोटी जिवंत जिवाणू असले पाहिजेत. कारखान्यातून निघताना ते असतीलही. पण पत्र्याच्या शेडमध्ये, कीटकनाशकांच्या खोक्यांशेजारी, उन्हाळाभर पडल्यावर किती उरतात ते देवच जाणे. आपण इन्सुलिन किंवा लहान मुलांची लस अशी ठेवू काय? ही त्याच जातीची वस्तू आहे. घरी आणल्यावर ओल्या वाळूत ठेवलेल्या रिकाम्या मडक्यात, अंधाऱ्या जागी ठेवावी. फ्रिज असेल तर खालच्या खणात, पण बर्फाच्या कप्प्यात नव्हे.

बियाण्याला लावण्याची रीत बहुतेकांना ठाऊक आहे, तरी चुका तिथेच होतात. लिटरभर पाण्यात आतपाव, म्हणजे सव्वाशे ग्रॅम, गूळ विरघळवून उकळावा आणि पूर्ण थंड करावा. कोमट चालेल असे म्हणू नये. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे एक पाकीट, आणि बी नुसते ओलसर होईल इतकेच गुळाचे पाणी. हलक्या हाताने चोळावे, साल निघू देऊ नये. सावलीत गोणपाटावर अर्धा तास सुकवून त्याच दिवशी पेरावे. बुरशीचे किंवा किडीचे औषध लावायचे असेल तर ते आधी, बी सुकू द्यावे, आणि कल्चर सर्वांत शेवटी. कृषी खात्याचे लोक हा क्रम "एफ.आय.आर." म्हणून लक्षात ठेवा असे सांगतात: प्रथम बुरशीनाशक, मग कीटकनाशक, मग रायझोबियम. आमच्यातील एका आजोबांनी ह्यावर विचारले की पोलिसात कशाला जायचे. असो. तांबे किंवा पारा असलेली औषधे जिवाणूंना विशेष मारक, ती तर टाळावीच. आणि कल्चर लावलेले बी डी.ए.पी. सोबत एकाच चाड्यात घालू नये.

कोणी विचारील, गूळ कशाला? बी आणि पूड चिकटून राहावी हा उघड हेतू आहेच, आणि तो ओलाव्याचा थर जिवाणूंना थोडा आधारही देतो. आपण बाहेरून साखरेचा लेप देतो, पुढे मातीत गेल्यावर जिवाणू स्वतःचा झगा विणून घेतो.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, आणि इथे आम्ही पहिल्या पक्षाच्या बाजूने थोडे बोलणार आहोत. पाकीट सर्वत्र लागतेच असे नाही. ज्या जमिनीत भुईमूग किंवा चवळी वर्षानुवर्षे होत आली आहे तिथे त्यांचे जिवाणू आधीच दाट वस्तीने राहतात. पाकिटातील मूठभर पाहुणे त्या गर्दीत मुळापर्यंत पोहोचतच नाहीत. घरचेच पुढे होतात. ते घरचे नत्र करण्यात थोडे आळशी असले तरी दारावर त्यांचीच पहिली रांग. जगभरच्या शास्त्रज्ञांना ह्या अडचणीने बेजार केले आहे. तेव्हा अशा शेतात पाकिटाचा फरक दिसला नाही तर नवल नाही, आणि दुकानदाराने खताच्या पोत्याबरोबर पाकीट गळ्यात मारणे हे आम्हाला मुळीच पसंत नाही.

पण दोन ठिकाणी पाकीट सोडणे म्हणजे हातचे घालविणे. एक, नवे पीक. निपाणीकडे आपले पुष्कळ सोयरे आहेत. तिकडे तंबाखूच्या जमिनीत सोयाबीन आले. सोयाबीन हे परदेशी पीक. त्याचा खास जिवाणू आपल्या मातीचा नव्हे. पहिल्यांदाच सोयाबीन घेणाऱ्याने कल्चर न लावता पेरणे म्हणजे लग्नाला नवऱ्यामुलाशिवाय जाणे. दुसरे ठिकाण आपले स्वतःचे, म्हणजे भाताचे खाचर. चार महिने पाणी साचून राहते, मातीत हवा राहत नाही, आणि हे जिवाणू हवेवर जगणारे. पावसाळा संपेपर्यंत त्यांची संख्या घटते. त्यातून जांबोटी-कणकुंबीकडच्या आपल्या लाल जांभ्या मातीत आंबटपणा जास्त. आंबट माती ह्या जिवाणूंना सोसत नाही, आणि नत्र करण्यासाठी जे मॉलिब्डेनम लागते तेही तिथे अडकून राहते. अशा खाचरात भातामागून मसूर-हरभरा घेणाऱ्याने पाकीट जरूर लावावे, आणि माती तपासून गरज असेल तर चुना द्यावा. पारिशवाड-बिडीच्या काळ्या जमिनीतील बंधूंना चुन्याचा हा उपदेश लागू नाही. त्यांनी उगाच खर्च करू नये.

आणि युरिया? मसूर जरा फिका दिसला की पोते उचलण्याची आपली सवय आहे. पेरताना थोडे नत्र ठीक, रोप आपल्या पायावर उभे राहीपर्यंत. पण पुढे नत्र आयते मिळू लागले तर झाड गाठी धरण्याचे टाळते. पाहुण्याला जेवू घालणे झाडालाही महाग पडते. आपण पोत्याने नत्र ओतल्यावर त्याने तो खर्च का करावा? युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात सुमारे २० किलो नत्र असते. ते विकत आणायचे, जे फुकट येणार होते त्याला त्यानेच अडवायचे, आणि उरलेले पावसाने विहिरीत जाऊ द्यायचे, हा कुठला हिशेब? विहिरीच्या पाण्यात नायट्रेट वाढले तर वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांना ते घातक ठरू शकते, हेही ह्या पानाने सांगितलेच पाहिजे.

आरोग्याचा विषय निघालाच आहे तर साखरेच्या झग्याची दुसरी बाजूही पाहू. न्यूमोनियाचा एक मुख्य जिवाणू असाच झगा पांघरून आपल्या शरीरात येतो. पण तो ओळख पटविण्यासाठी नव्हे, लपण्यासाठी. त्या गुळगुळीत थरामुळे रक्तातील शिपायांना त्याला पकडता येत नाही. हा थर साखरेचा आहे हे १९२३ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत एव्हरी आणि हायडेलबर्गर ह्यांनी दाखविले. आज बाळांना जी न्यूमोकोकल लस देतात ती ह्याच झग्याचे तुकडे प्रथिनाला जोडून केलेली असते, म्हणजे शरीराला आधीच चोराचा सदरा दाखवून ठेवायचा. आपल्या देशात सरकारी लसीकरणात ती २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ पासून सर्वत्र आली. २०२० च्या अखेरीस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने स्वतःची अशी लसही काढली. ज्यांची नातवंडे दीड महिन्याची होत आली आहेत त्यांनी आरोग्य केंद्रात ह्या लसीची चौकशी करावी. ती तिथे मोफत मिळते.

पुन्हा शेताकडे येतो. आमचे ऊसवाले वाचक म्हणतील, ह्यात आमच्यासाठी काय? त्यांच्यासाठी ब्राझीलच्या योहाना डोबेराइनर ह्या बाईंची हकिगत सांगण्याजोगी आहे. मध्य युरोपात जन्मलेल्या ह्या बाई युद्धानंतर ब्राझीलला गेल्या आणि आयुष्यभर मातीतील जिवाणूंवर काम करीत राहिल्या. तिकडे सोयाबीन युरियावर नव्हे तर जिवाणूंवर पिकवावे हा आग्रह त्यांनी धरला, आणि ब्राझीलचे अफाट सोयाबीन आजही मुख्यतः जिवाणूंच्या नत्रावरच उभे आहे. १९७८ साली पोपमहाशयांच्या विज्ञान अकादमीवर त्यांची नेमणूक झाली. १९८८ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने उसाच्या आत राहून नत्र करणारा एक जिवाणू प्रसिद्ध केला. उसाला गाठी येत नाहीत. हा जिवाणू कांड्यांत व मुळांत तसाच राहतो. २००० साली बाई वारल्या. पुढे २०११ मध्ये ब्राझीलच्याच संशोधकांनी दाखविले की ह्या जिवाणूची साखळी विणण्याची कला काढून घेतली तर त्याला भाताच्या मुळावर धड चिकटताही येत नाही आणि आत वस्तीही करता येत नाही. म्हणजे गाठ असो वा नसो, झगा लागतोच. उसासाठी ह्या जिवाणूचे कल्चर आपल्याकडेही मिळते. मात्र त्याने युरिया पूर्ण बंद होईल असे जे कोणी सांगतात त्यांच्यावर आमचा विश्वास नाही. मसुराच्या गाठीइतके भरवशाचे ते अजून नाही.

आमचा खरा आक्षेप पाकिटावर नाही, ते विकण्या-वाटण्याच्या रीतीवर आहे. किती लाख पाकिटे वाटली ह्याचा हिशेब सर्वजण ठेवतात. किती मुळांवर लाल गाठी आल्या हे बघायला कोणी शेतात उतरत नाही. शेतकरीही नाही, आणि त्यात आम्हीही आलो. झाड उपटून पाहणे म्हणजे नुकसान वाटते. अहो, एकरभर मसुरात पाच झाडे गेली तर काय बिघडले? पेरणीनंतर पस्तीस-चाळीस दिवसांनी कुदळीने मातीसकट झाड काढावे, ओढून नव्हे, नाहीतर गाठी मातीतच राहतात. बादलीत बुडवून माती सुटू द्यावी. मोठी गाठ ब्लेडने कापावी. आतून गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे. तो रंग रक्तासारखा दिसतो, कारण आपल्या रक्तातील लाल द्रव्याच्याच नात्यातले एक लोहयुक्त द्रव्य त्यात असते. पांढरी किंवा हिरवट निघाली तर काम चालत नाही असे समजावे.

तेव्हा ह्या वर्षापुरती आमची सूचना अशी. ज्यांना मसूर, वाटाणा किंवा हरभरा पेरायचा आहे त्यांनी किती किलो बी, कोणते पीक व कोणती जमीन हे ह्या महिनाअखेरीपर्यंत चर्चच्या कार्यालयात लिहून द्यावे. सर्वांची पाकिटे एकदम, ताजी, तारीख पाहून, पेरणीच्या आठवड्यातच आणली जातील आणि गार जागी ठेवली जातील. प्रत्येकाने शेताचा एक वाफा पाकिटाशिवाय पेरून ठेवावा आणि त्याला खुणेची काठी लावावी. मग आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी मिस्सा झाल्यावर दोन्हीकडची पाच-पाच झाडे मुळांसकट, ओल्या फडक्यात गुंडाळून, आवारात घेऊन यावे. थोतांड म्हणणाऱ्यांनी तर जरूर यावे. पाण्याच्या बादल्या आणि ब्लेड आम्ही आणू.